लेस्टर या खेपेलाही आला नाही

विल्मा हॅगर्टीच्या नवऱ्याला जाऊन तीन वर्षे झाली, पण बोटीवरची त्याची बढती काही थांबली नव्हती. हयातीत बिचारा चांदीवर होता. मेल्यावर सोन्यावर गेला, आणि गेल्या हिवाळ्यात तर ब्लू हेरन या सहलीच्या बोटींच्या कंपनीने त्याला थेट मोत्याचा दर्जा बहाल केला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे ते दूध खरोखरच निघत होते आणि विल्मा ते पीत होती.

सँडपायपर पार्कात याचे कुणाला नवल वाटत नसे. पार्कातली घरे चाकांवरची, पण ती चाके घर आणून ठेवले त्या दिवसानंतर फिरलेली नाहीत. आतली माणसेही साधारण तशीच. ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशा थंड मुलखांत कारखान्यांत, शाळांत, टपाल कचेऱ्यांत आयुष्य घासून इथे उन्हाला आलेली. मुले लांब, गुडघे नवे, आणि पोर्ट कॅनावेरलचा धक्का हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी साडेचारलाच जेवण उरकून ही मंडळी ओट्यावर बसत आणि धक्क्यावरून निघणाऱ्या बोटीचा भोंगा ऐकून ती कुठल्या कंपनीची ते ओळखत. इथे नव्या माणसाला 'आधी काय करायचात' असे कोणी विचारत नाही. 'कशावर आहात' असे विचारतात. पितळ, तांबे, चांदी, सोने, मोती. जितके दिवस एकाच कंपनीच्या बोटीवर काढाल तितके तुम्ही वर चढता. पितळवाला चांदीवाल्याशी जपून बोलतो. कंपनी बदलणे म्हणजे पिकल्या केसांनी पुन्हा बिगारीत नाव घालणे.

विल्माने ईरी गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तीसेक वर्षे काढली होती. लेस्टर त्याच शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त करायचा. जेवणाच्या रांगेत मुद्दाम शेवटी उभा राहायचा, कारण शेवटी आलेल्याला मांसाच्या वडीचा खरपूस कड मिळतो. तो कड विल्मा आधीपासूनच बाजूला काढून ठेवू लागली, आणि सहा महिन्यांत लग्न झाले. त्यांच्या प्रेमकथेत याहून जास्त काही घडले नाही. याहून जास्त लागतही नाही.

नोकरी संपली त्या दिवशी विल्माने ॲप्रन काढून लेस्टरच्या हातात दिला.

"आता टर्की भाजणार नाही. एकही नाही. कुणाच्या बापासाठी नाही."

"माझा बाप तर केव्हाच गेला," लेस्टर म्हणाला.

"मग प्रश्नच मिटला."

तेव्हापासून दर नोव्हेंबरात, घरोघरी टर्की भाजतात त्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, दोघे ब्लू हेरनच्या बोटीवर. सोबत समोरच्या घरातली कॉनी पेट्राको आणि तिचा नवरा डेल. चौघांचे खिडकीजवळचे टेबल ठरलेले. टर्की आली की लेस्टर आपला राय व्हिस्की आणि जिंजर एलचा ग्लास उचलून म्हणायचा, "स्वयंपाकिणीच्या सुट्टीला!" दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी विल्मा लाजायची. वाक्य जुने होते, लाजणे ताजे असायचे.

लेस्टर गेला तो सप्टेंबरात. गोल्फच्या गाडीत बसून चावी फिरवायच्या आधी. नोव्हेंबरची बोट तर वर्षभर आधी ठरलेली. मर्तिक आटोपल्यावर विल्मा फोन हातात घेऊन बसली होती, त्याचे नाव काढायला. तेवढ्यात वाटीभर बटाट्याचे सॅलड घेऊन कॉनी आली आणि तिने तो फोन हिसकावूनच घेतला.

"वेडी आहेस का? नाव काढलंस तर एकटीला दोघांचं भाडं पडेल. आत्ता दुसऱ्याला निम्म्या दराची सवलत चालू आहे. राहू दे त्याला."

"अगं, पण तो येणार कसा?"

"न येऊ दे की! न आलेल्याची टीप आणि बंदराचा कर परत मिळतो. आमच्या यंग्सटाउनच्या ग्लॅडिसने नवऱ्याला मेल्यावर अलास्का दाखवून आणला."

पार्कातले अर्थशास्त्र हे असे. विल्माला आधी कसेसेच वाटले. मग तिकीट आले, त्यावर दोन नावे शेजारी शेजारी होती, आणि तिला वाटले, बरे केले.

धक्क्यावरच्या मुलीने विचारले, "मिस्टर हॅगर्टी?"

"या खेपेला नाही जमलं त्याला."

"अरेरे. पुढच्या खेपेला नक्की आणा हं."

खोलीत दोन उशा, दोन चॉकलेटे, टॉवेल दुमडून केलेली दोन माकडे. तीन वर्षे हे असेच चालले. ब्लू हेरनचा हिशेब माणसांवर नव्हता, भाडे भरलेल्या बिछान्यांवर होता. त्यामुळे लेस्टर जमिनीखाली पडल्या पडल्या समुद्रावरचे दिवस जोडत राहिला. आणि विल्मा कॉनीला न सांगता वसंतातही एकदोनदा चार दिवसांची फेरी करून येऊ लागली होती. घरात एक उशी असे. तिथे दोन असत.

घोळ झाला तो मोत्याचा.

मोतीवाल्यांसाठी बोटीवर एक वेगळी बैठक असते. काचेची दारे, संध्याकाळी दोन तास फुकट पेये, आणि बारच्या फळीमागे आर्नेल नावाचा एक हसरा फिलिपिनो, जो लेस्टर होता तेव्हा खालच्या बारवर असायचा. कॉनी आणि डेल सोन्यावर होते. मोत्याला चारदोन दिवस कमी. मग कंपनीने एकाएकी मोत्याची अट वाढवली, आणि ते चारदोन दिवस चांगले पंचवीस झाले. विल्मा, म्हणजे विल्मा अधिक लेस्टर, आधीच आत पोचले होते.

"जा की," गेल्या थँक्सगिव्हिंगच्या बोटीवर पहिल्या संध्याकाळी कॉनी म्हणाली. "तुझा हक्क आहे तो."

असे वाक्य बाईने बाईला म्हटले की जायचे नसते, हे विल्माला कळत होते. तरी ती गेली. एक ग्लास घेऊन परत येऊ, असे म्हणून गेली. आर्नेलने तिच्यासमोर रुमाल पसरला, आणि न विचारता शेजारी दुसरा पसरून त्यावर राय आणि जिंजर एल ठेवले.

"सर लेस्टरसाठी, मॅम विल्मा. बर्फ कमी. मला आठवतंय."

सगळ्या जगात लेस्टरचा बर्फ कमी असतो हे आठवणारी आता दोनच माणसे उरली होती, आणि त्यातला एक काचेच्या आत होता. विल्मा बैठक बंद होईपर्यंत तिथे बसली. दुसऱ्या संध्याकाळी डोके दुखते म्हणून जेवणालाही गेली नाही आणि तिथेच बसली. तिसऱ्या संध्याकाळी ती टेबलावर आली तेव्हा कॉनी डेलशी हवामानाबद्दल बोलत होती. कॉनी हवामानाबद्दल बोलू लागली की समजावे, वादळ येऊन गेले आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पार्कच्या सभागृहात कॉनीने जाहीर केले, "आम्ही कंपनी बदलतोय. मारिसोल. नवी कोरी बोट, हेरनच्या निम्मं भाडं. त्यांचा मोती त्यांनाच लखलाभ."

"कंपनी?" विल्माच्या हातातला चमचा थांबला. "अगं, पण पुन्हा पितळापासून?"

"मारिसोलमध्ये धातूबितू काही नाही. सगळे सारखे," कॉनी म्हणाली. "तू येणार आहेस ना? की तुला तुझ्या बैठकीशिवाय करमत नाही?"

हे शेवटचे वाक्य हसत हसत आले. विल्माही हसली. पण घरी येऊन ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. एका तागडीत लेस्टर आणि त्याचे मोती. दुसरीत खिडकीजवळचे टेबल, जिथे 'स्वयंपाकिणीच्या सुट्टीला' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मुलगा ओरेगॉनात, तो फोन करतो, पण गाडी चालवता चालवता. थँक्सगिव्हिंगला एकटीने जेवायचे म्हणजे छोटी का होईना टर्की भाजायला लागणार. आणि ती तर भाजणार नव्हती.

तिने टेबल निवडले.

आता पैसे. निम्मे भाडे ऐकून भुलेल ती शाळेची स्वयंपाकीण कसली? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, हे तिने आयुष्यभर पाहिलेले. ओट्याच्या फळीवर तिने कॉफीचे तीन रिकामे डबे मांडले. एक टिपांचा, एक बंदराचा, एक चैनीचा. मग समोर डेलला बसवले, कारण मारिसोलची सगळी माहिती त्याच्या फोनमध्ये होती.

"टीप?"

"रोज माणशी वीस डॉलर. आपोआप कापतात."

"काम बघायच्या आधीच? बरं. पाणी?"

"नळाचं फुकट. बाटलीचं पैसे."

"कॉफी?"

"पातळ फुकट. कॉफीसारखी लागणारी, पैसे."

"आइस्क्रीम?"

डेलने फोन जरा लांब धरला. "सातवा मजला फुकट. पंधरावा मजला साडेपाच डॉलर."

"सातव्यावरून घेऊन पंधराव्यावर जाऊन खाल्लं तर?"

"ते नाही लिहिलेलं."

"लिफ्टला तरी पैसे नाहीत ना? की वर जाणं फुकट आणि खाली यायचे डॉलर?"

डेल पोट धरून हसला. तो भला माणूस. लेस्टर होता तेव्हा दोघे मिळून हिची थट्टा करायचे. आता एकट्याने थट्टा करायला त्याला संकोच वाटे.

इंटरनेट नको, कारण लिहिणार कोणाला? बंदरावर गाडी ठेवायचे पैसे डेलच्या गाडीतून एकत्र गेल्याने वाटले जाणार. चैनीच्या डब्यात विल्माने एकच खर्च धरला. मारिसोलवर राय आणि जिंजर एल फुकट नव्हते. गुरुवारी टर्कीसोबत चार ग्लास तिच्याकडून, चौथा लेस्टरच्या नावाचा. त्यासाठी महिनाभर केस कापायला ती दुकानात गेली नाही. स्वतःच आरशापुढे कात्री चालवली, आणि ते दिसत होते.

मग तिने मारिसोलला फोन लावला.

"दोन प्रवासी," विल्मा म्हणाली. "विल्मा आणि लेस्टर हॅगर्टी."

"दोघांचेही पारपत्राचे क्रमांक द्या मॅडम. आणि दोघांच्या चेहऱ्यांचे ताजे फोटो. आमच्याकडे दोघांनीही चेहरा दाखवल्याशिवाय खोली उघडत नाही."

"तो... ऐनवेळी येईल न येईल. न येणाऱ्याचं तुम्ही काय करता?"

"न येणारा प्रवासी आम्ही धरत नाही मॅडम. येणार नसतील तर आत्ताच काढावं लागेल. काही आजार वगैरे?"

विल्माने ओट्यावरच्या तिन्ही डब्यांकडे पाहिले.

"नाही," ती म्हणाली. "मेलाय तो."

तिकडून दोन क्षण बोटांचा टकटक आवाज आला. "फार वाईट वाटलं मॅडम. तर मग एकट्या प्रवाशाचा जादा आकार लागेल. म्हणजे दुसऱ्या बिछान्याचं पूर्ण भाडं."

तीन वर्षांत हे वाक्य तिने कुठल्याही कंपनीला उच्चारू दिले नव्हते. फोन ठेवून ती थेट समोर गेली.

"कॉनी, मला नाही परवडत हे. दुप्पट होतंय."

"थांब, थांब," कॉनी म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरा आनंद पसरला. तिचा स्वभाव अडचण सोडवण्याचा. फक्त ती आधी यायला हवी. "माझी बहीण बर्निस आहे ना, ती यायचं म्हणतेय. तिलाही एकटीचा आकार पडतोय. तुम्ही दोघी एका खोलीत! तिच्या नावावर खोली, तू निम्म्या दराची."

"म्हणजे मी लेस्टर."

"काय?"

"काही नाही. छान आहे गं. खरंच छान."

बर्निस निवृत्त दंतवैद्याची विधवा. केस निळसर, बोलणे दातातल्या दातात. विल्माने तिला फोनवर विचारले, घोरते का म्हणून. "माझ्या नवऱ्याने तक्रार केली नव्हती," बर्निस म्हणाली. "माझा मात्र रोज करायचा," विल्मा म्हणाली, "मीच घोरते." बर्निस हसली नाही. पण चौथी खुर्ची भरत होती, आणि विल्मा त्यावर खूश होती.

निघायच्या दिवशी सगळे डेलच्या गाडीतून निघाले. बर्निस खिडकीबाहेर बघत होती. डेल आरशातून दोनदा विल्माकडे बघून नजर चुकवून गेला. धक्क्यावर बॅगा उतरवताना कॉनी एकदम म्हणाली, "अगं, तुला सांगायचंच राहिलं."

जे सांगायचे राहते ते चांगले कधीच नसते.

मारिसोलवाले निघण्याआधी आठवडाभर प्रवाशांना बोली लावायला सांगतात. वरच्या मजल्यांवरचे रिकामे राहिलेले बंगलेवजा दालन हवे असेल तर जास्तीचे किती द्याल, बोला. कॉनीने गंमत म्हणून बोली लावली होती. गंमत लागली. दालनात तिसरा पलंगही होता.

"बर्निस म्हणाली, तिसरा पलंग वाया कशाला घालवायचा? नाही का गं बर्निस?"

"वाया घालवू नये," बर्निस दातातल्या दातात म्हणाली.

"पण आपण दिवसभर एकत्रच असणार! झोपण्यापुरतं काय ते," कॉनीने विल्माचा दंड दाबला. "आणि तुला तर आख्खी खोली! मज्जा आहे बाई तुझी."

तपासणीच्या खिडकीवर त्या तिघांना काळी कार्डे मिळाली, विल्माला निळे. काळ्यांची रांग वेगळी होती आणि त्या रांगेला सरबत होते. सगळे सारखे असलेल्या कंपनीत धातू नव्हते, एवढे मात्र खरे.

खोलीत दोन उशा होत्या. टॉवेलचे माकड एकच. विल्माने पिशवीतून लेस्टरने पत्रा कापून केलेली पिवळी शाळेची बस काढली. चुंबकाची, खिडकीत दोन डोकी रंगवलेली. हेरनच्या बोटींवर ती दरवेळी यांच्या दारावर असायची, म्हणजे एकसारख्या शंभर दारांतून आपले दार सापडते. तिने ती दारावर टेकवली. ती खाली पडली. पुन्हा टेकवली, पुन्हा पडली. मारिसोलची दारे लोखंडाची नव्हतीच. पेनसिल्व्हेनियाच्या रस्त्यांवर बर्फातून चाललेली बस मारिसोलच्या गालिचावर उताणी पडून राहिली.

"एकत्रच असणार"चा हिशेब दुसऱ्याच दिवशी कळला. काळ्या कार्डांसाठी बोटीच्या नाकाशी वेगळे आवार होते. वेगळा तलाव, वेगळे उपाहारगृह, आणि दार काचेचे. विल्मा निळे कार्ड घेऊन दारापाशी गेली तर दाराने लाल डोळा केला. आतून कॉनीने हात हलवला. मग आपल्या घड्याळाकडे बोट दाखवून काहीतरी खूण केली. येते, किंवा नंतर, किंवा गुरुवारी. काचेतून सगळ्या खुणा सारख्याच दिसतात.

खर्चाचा अंदाज मात्र विल्माचा पक्का होता. टिपांचा डबा बरोबर. बंदराचा बरोबर. साडेपाच डॉलरचे आइस्क्रीम तिने वासावर भागवले. बुधवारी खोलीतल्या पडद्यावर तिने आपला हिशेब उघडला, तेव्हा त्यात एक आकडा जास्तीचा होता. तो इतका मोठा होता, की आधी तिला तो खोलीचा क्रमांक वाटला. ती खालच्या मजल्यावरच्या खिडकीपाशी गेली.

"हे काय?"

मुलीने पाहिले. "तुमच्या खोलीतल्या दुसऱ्या प्रवासी वर गेल्या ना मॅडम? मग आता तुम्ही एकट्या. हा एकट्या प्रवाशाचा जादा आकार."

"पण मी एकटी झाले नाही. मला एकटी केलंय."

"सिस्टिमला ते कळत नाही मॅडम," मुलगी म्हणाली. ती गोड होती, आणि तिचे खरे होते.

कॉनीला दालनातल्या फोनवर सांगितले, तर ती संतापली. "हद्द झाली! कंपनीचीच चूक. डेल बोलेल त्यांच्याशी. तू एक पैसा देऊ नकोस. आणि हे बघ, उद्या सहाला खाली जेवायला येतोय आम्ही, नक्की. थँक्सगिव्हिंग आहे म्हटलं! तुझी राय विसरू नकोस."

"मी विसरत नाही," विल्मा म्हणाली.

गुरुवारी तिने निळा पोशाख घातला, जो लेस्टरला हिरवा वाटायचा. टेबल खिडकीजवळचे होते. चार खुर्च्या, आणि चार ग्लास तिने आधीच सांगून ठेवलेले, बर्फ कमी. वाढपी तरुण होता; त्याने ग्लास मांडले आणि मोकळ्या खुर्च्यांना वाकून नमस्कार केला, म्हणजे नंतर येणाऱ्यांना राग नको. टर्की आली. टर्की ही पाहुण्यांसाठी थांबत नाही हे विल्माइतके कुणालाच माहीत नव्हते. तिने टर्कीच्या पांढऱ्या मांसाकडे पाहिले, एक घास घेतला, आणि मनात म्हणाली, एक तास जास्त भाजलीय. तीनशे पोरांची भाजताना माझी कधी अशी झाली नाही.

वाढप्याने हळूच विचारले, "मॅडम, या तीन जागा आवरू?"

"नको. येतायत."

तिचे जेवण होत आले तेव्हा डेल आला. एकटाच. अंगात फुलांचा सदरा, पायांत सपाता, केस ओले. त्याने खुर्ची ओढली पण तिच्या कडेवरच बसला.

"कॉनीचे पाय सुजलेत. वर आज जेवायला शेवंडी आहेत ना, तर बर्निस म्हणाली... विल्मा, मी पाच मिनिटं आलोय."

"मग घे. पाच मिनिटांत ग्लास संपतो."

त्याने ग्लास उचलला. 'स्वयंपाकिणीच्या सुट्टीला' हे त्याच्या ओठांवर आले होते, विल्माला दिसले. पण ते लेस्टरचे वाक्य. त्याने नुसताच घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. चार दिवसांत त्याला वरच्या व्हिस्कीची सवय झाली होती.

"तो आकार, कंपनीशी बोललास?"

"बोलायचं होतं... वरच्या लोकांची खिडकी वेगळी आहे गं. ते म्हणतात, हे खालच्या खिडकीचं काम."

"आणि खालची म्हणते, वरच्यांनी केलंय."

"मी देईन अर्धे," डेल म्हणाला, आणि दोघांनाही कळले की कॉनी देऊ देणार नाही.

विल्माने सुरीकाटा एकत्र ठेवला. "डेल, मी पण काचेच्या आत गेले होते. पण मी परत आले होते."

डेल ग्लासात बघत राहिला. त्याच्यासारख्या माणसाला खोटे बोलता येत नाही, आणि खरे बोलल्यावर कुठे पाहावे तेही कळत नाही.

"तिसऱ्या दिवशी आलीस, विल्मा. दोन्ही संध्याकाळी ती बाहेर उभी होती. तिने तुला हाक मारली, काच वाजवली. तू वळलीच नाहीस. ती त्या दिवसापासून... तिला वाटलं, तू एकटीच बसून हसतेयस."

"मी लेस्टरशी बोलत होते."

"ते मला कळलं. तिला मी सांगितलं पण. ती म्हणाली, मेलेल्यापुढे आपण कोण?"

काळ्या कार्डासोबत मिळालेले त्याच्या मनगटावरचे काळे कडे थरथरले. वरून बोलावणे. तो उठला, तिच्या स्वतः कापलेल्या केसांवर ओझरता हात ठेवला आणि ओल्या सपाता चपचपवत गेला.

टेबलावर तीन भरलेले ग्लास उरले. पैसे दिलेले होते. वाया घालवू नये, बर्निस म्हणते ना. विल्माने आपला संपवला. मग डेलचा उष्टा तेवढा सोडून कॉनीचा. कॉनीने तेव्हा हाक मारली असती तर... नाही, मारली होती. काच वाजवली होती. तिला आवाज आला नव्हता की नको होता, हे आता आर्नेललाच विचारायला हवे होते. बर्निसचा ग्लास तिने वाढप्याला दिला.

"मॅडम, आम्हाला परवानगी नाही."

"मग ओतून टाक. इथे सगळंच एकाला परवानगी आणि एकाला नाही."

परतताना पुन्हा डेलचीच गाडी होती. कॉनीचे पाय उतरले होते. पार्काच्या फाटकाशी तिने मागे वळून विचारले, "मग? कशी वाटली मारिसोल?"

"आइस्क्रीमचा वास छान होता," विल्मा म्हणाली.

जादा आकार तिने भरला. चैनीचा डबा पुरला नाही. टिपांच्या आणि बंदराच्या डब्यांत पुढच्या वर्षासाठी टाकायचे ते या वर्षातच गेले. डेलकडून काही आले नाही, आणि तिने मागितले नाही. मात्र बटाट्याच्या सॅलडची एक वाटी कॉनीकडून आली, झाकलेली. विल्माने ती धुऊन परत केली, रिकामी. पार्कात रिकामी वाटी परत करत नाहीत. कॉनीला ते कळले, आणि तिने वाटी घेताना हवामान चांगले असल्याचे सांगितले.

पिवळी बस फ्रिजच्या दाराला जाऊन चिकटली. फ्रिज जुना होता, लोखंडाचा.

एका सकाळी विल्माने ब्लू हेरनला फोन लावला. पलीकडच्या मुलाने नाव ऐकताच आवाज मऊ केला. मोतीवाल्यांशी तसे बोलायचे शिकवलेले असते.

"मिसेस हॅगर्टी! यंदा थँक्सगिव्हिंगला तुम्ही आणि मिस्टर हॅगर्टी दिसला नाहीत."

"दुसरीकडे गेले होते. चूक झाली. पुढच्या नोव्हेंबरचं करायचंय."

"नक्की. टेबल नेहमीचंच? चौघांचं, खिडकीपाशी?"

ओट्यावरून समोरचे घर दिसत होते. कॉनी झारीने कुंड्यांना पाणी घालत होती, आणि पाणी घालताना इकडे बघायचे नाही म्हणून कुंडीबाहेर ओतत होती. विल्माने क्षणभर वाट पाहिली. कॉनी वर बघते का म्हणून. तिने बघितले नाही.

"दोघांचं करा," विल्मा म्हणाली. "भिंतीकडचं चालेल."

"आणि मिस्टर हॅगर्टी या खेपेला येताहेत ना?"

"नाही येणार," विल्मा म्हणाली. "पण नाव राहू द्या त्याचं. न येणाऱ्यांत तोच एक खात्रीचा आहे."